मदत हवी आहे: स्लो कुकरमध्ये चिकनचा चोथा आणि खाली पाणी

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. घरात ५ लिटरचा स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) आलाय. सकाळी सगळं आत टाकून बाहेर पडायचं आणि घरी आल्यावर आयतं गरम जेवण मिळावं, एवढीच अपेक्षा. पण बोनलेस ब्रेस्टचे तुकडे दिवसभर 'लो'वर (मंद सेटिंगवर) राहिले की दोरे सुटतात, चावता चावत नाहीत. खाली पाणी साठतं आणि चिकन, गाजर, बटाटा सगळ्याची चव एकच लागते. मी ९ तास बाहेर असते, मध्ये येऊन बघणं शक्य नाही. परतणं, वाटण असले उद्योग सकाळी जमणार नाहीत. अशा वेळी काय आणि कसं लावायचं? आगाऊ धन्यवाद.

खडूस आचारी:
ब्रेस्टचा नाद सोडा, मांड्या घ्या. हाडासकट मिळाल्या तर उत्तमच.

ब्रेस्टमध्ये चरबी कमी आणि कोलॅजेन (मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) नावापुरतं. ७४ अंश सेल्सिअसला आतून शिजलं की ते खाण्याजोगं होतं, त्यापुढे नुसता रस पिळून निघत राहतो. मांडीत कोलॅजेन भरपूर. ते सावकाश विरघळतं, त्याचं मऊ, बुळबुळीत जिलेटिन होतं, म्हणून मांडी ८५ अंशांच्या पुढे गेली तरी मऊच लागते. शिवाय लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानालाच पोचतात, फरक असतो तो पोचायला लागणाऱ्या वेळात. त्यामुळे 'लो आहे, राहू दे दिवसभर' हा हिशोब ब्रेस्टला लागू होत नाही. त्याला लोवर अडीच-तीन तास पुरतात, मांड्यांना पाच-सहा. सुट्टीच्या दिवशी ब्रेस्ट करा हवं तर.

पाण्याचं म्हणाल तर घालूच नका, फार तर अर्धी वाटी. झाकण बंद असल्यामुळे आटत काही नाही, आणि चिकन, कांदा, टोमॅटो स्वतःचं पाणी सोडतातच. तरी पातळ झालंच तर शेवटी थोडं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला आणि हायवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

झाकणझुला:
खडूसभाऊंना +१. चवीसाठी माझे दोन पैसे. मांड्यांची कातडी काढून टाका, या भांड्यात ती कुरकुरीत होत नाही, रबरासारखी होते. कांदा-लसूण आदल्या रात्री तेलात लाल करून फ्रिजमध्ये ठेवलात तर सकाळी काही करावं लागत नाही आणि फरक जमीन-अस्मानाचा पडतो. खमंगपणा येतो तो परतण्यामुळे, स्लो कुकर तेवढा तापतच नाही. दही, दूध, क्रीम अगदी शेवटी, नाहीतर फाटतं. लिंबू आणि कोथिंबीर ताटात वाढताना.

रात्रपाळी:
मांड्यांचं पटलं. पण त्याही सहा तासांत होणार आणि मी तर नऊ तासांनी येणार. टायमर लावून उशिरा सुरू केला तर? आणि फ्रीजरमधलं चिकन तसंच टाकलं तर आपोआप वेळ जास्त लागेल ना?

खडूस आचारी:
दोन्ही नको, इथे मी खरंच खडूस आहे. ४ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात. कच्चं चिकन बंद भांड्यात तासन्‌तास वाट बघत बसलं किंवा गोठलेला गोळा हळूहळू वितळत राहिला, तर तुमचं जेवण नेमकं त्याच पट्ट्यात अडकतं. चिकन आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये वितळवून घ्या.

तुम्हाला हवा तो टायमर उलटा. सकाळी लगेच सुरू करायचं, लोवर ६ तास, आणि मग कुकर आपोआप 'वॉर्म'वर (शिजलेलं नुसतं गरम ठेवणाऱ्या सेटिंगवर) जाईल. तुमच्या कुकरला ही सोय आहे का बघा. वॉर्मवर अन्न ६० अंशांच्या वर राहायला हवं, एकदा थर्मामीटर घालून खात्री करा. वॉर्मवर शिजवायचं मात्र नाही.

रचना अशी: तळाशी बटाटा आणि गाजराचे जाड तुकडे (कंदांना चिकनपेक्षा जास्त वेळ लागतो, वर ठेवलेत तर कच्चे राहतील), त्यावर मांड्या, त्यावर परतलेला कांदा-लसूण, टोमॅटो, मिरपूड, मीठ. भांडं अर्धं ते दोन तृतीयांश भरा. घरी कोणी असेल तर झाकण उघडून डोकावू नका म्हणावं, प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात.

झाकणझुला:
यात राजमा घालायचा मोह झाला तर आधी भिजवा, ते पाणी फेका आणि गॅसवर १० मिनिटं खळखळून उकळा. स्लो कुकरच्या मंद आचेवर त्यातलं विष जात नाही, पोट बिघडतं.

रात्रपाळी:
वॉर्मची सोय आहे, आत्ताच बटण बघितलं! उद्या मांड्या. उरलं तर दुसऱ्या दिवशी त्यातच गरम करू ना?

खडूस आचारी:
नाही, तो तापायला फार वेळ घेतो. दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर चांगली उकळी.