ऑड्युबॉनचं पक्षिचित्र घ्यायचंय, हॅवेलची अस्सल प्रत कशी ओळखावी?

रानवाटा:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असतो. इथल्या एका दुकानात चित्रकार ऑड्युबॉनच्या 'बर्ड्स ऑफ अमेरिका' या पक्षिचित्रांच्या ग्रंथातलं हाऊस रेन या छोट्या पक्ष्याचं चित्र (प्लेट ८३) आलंय, जुन्या टोपीत घरटं केलेलं ते. दुकानदार म्हणतो, ती चित्रं पत्र्यावर कोरून छापणाऱ्या लंडनच्या हॅवेलचं, हातानं रंगवलेलं. यासाठीच पैसे साठवलेत. काय काय बघून घेऊ?

ताम्रपट:
आधी फ्रेममधून काढून दाखवायला सांगा. काचेआडून घेऊच नका.

मग दहापट भिंग धरा. हॅवेलच्या कामात तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरलेल्या आणि आम्लानं खोदलेल्या असतात, छटा अ‍ॅक्वाटिंटच्या. पत्र्यावर राळेची भुकटी बसवायची, तापवून चिकटवायची, पत्रा आम्लात सोडायचा. कणांमधल्या फटींतून आम्ल तांबं खातं. फिकट ठेवायचा भाग वॉर्निशनं झाकून बाकीचा पुन्हा आम्लात. जितका वेळ जास्त, तितकी छटा गडद. म्हणून करड्या भागात भिंगाखाली शाईची वेडीवाकडी, बारीक जाळी दिसते. एकसारख्या ओळींत रंगीत ठिपके दिसले तर ती आजकालची छपाई, सरळ परत करा.

पत्र्यावरून रंग छापलेला नसतो. कारागिरांनी एकेक प्रत ब्रशनं रंगवली, त्यामुळे रंग कुठं रेषेबाहेर जातो, कुठं कडेला साचतो. दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात, मला तर यातलं हेच सगळ्यात आवडतं.

पाणकावळा:
ताम्रपट यांना +१. कागद उजेडासमोर धरा, 'जे व्हॉटमन' हे कागद बनवणाऱ्याचं नाव आणि साल असा वॉटरमार्क (कागदातच उमटलेली खूण) शोधा. मात्र लहान पक्ष्यांची चित्रंही सुमारे १०० बाय ६७ सेंमीच्या पूर्ण कागदावरच छापली होती आणि ती मोकळी जागा पुढे कित्येकांनी कापून टाकली. वॉटरमार्क त्यात गेला असेल तर तेवढ्यावरून खोटं समजू नका, भाव मात्र पाडून मागा.

चित्र वहीएवढंच असेल तर ते १८४०-४४च्या छोट्या आवृत्तीतलं असू शकतं. ती फिलाडेल्फियात बोवेननं दगडावरून छापली. तीही हातानं रंगवलेली आणि अस्सलच, पण पत्र्यावरची नव्हे. किंमत बरीच कमी हवी.

रानवाटा:
खूप आभार! फोन केला. कागद ५५ बाय ३६ सेंमी आहे म्हणे, वॉटरमार्क नाही. घ्यावं का?

ताम्रपट:
म्हणजे कापलेलं आहे. छापताना कागदात उमटलेला पत्र्याच्या कडेचा दाब चारी बाजूंना बोटाला लागतो का बघा. तो शाबूत असेल आणि भिंगाखाली जाळी दिसली, तर कापल्याचा भाव लावून जरूर घ्या. घरी नेल्यावर आम्लविरहित माउंट करून घ्या, मागून काही चिकटवू देऊ नका आणि ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. जलरंग आहेत, उडतात.