‘श्राल आणि शीफळ’: जीभ अशी का घसरते, आणि समोरच्याला ते ऐकू का येत नाही?

माइकवाला:

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरात राहतो, वय ५४. नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. शनिवार-रविवार सूत्रसंचालन करतो. साखरपुडे, एकसष्ट्या, सोसायटीचे गणपती, शाळांची गॅदरिंगं, काही म्हणून सोडत नाही. बावीस वर्षं कागद न बघता बोलतोय आणि त्याचा थोडा माजही आहे, खोटं कशाला बोलू.

गेल्या रविवारी गंगापूर रोडला एका काकांचा अमृतमहोत्सव होता. मी अगदी ठेवणीतला आवाज लावून म्हणालो, “आता काकांचा सत्कार श्राल आणि शीफळ देऊन...” शब्द तोंडाबाहेर पडल्यावरच मला कळले. साउंडवाला पोरगा फिदीफिदी हसला. बाकी हॉल ढिम्म. टाळ्यासुद्धा वेळेवर पडल्या.

घरी जाताना बायकोला विचारलं, ती तिसऱ्या रांगेत होती. तर म्हणे, “काय झालं? बरोबरच तर म्हणालात.” शूटिंगवाल्याकडून क्लिप मागवली. स्वच्छ ‘श्राल आणि शीफळ’. बायकोला ऐकवली, तरी पहिल्यांदा तिला ‘शाल आणि श्रीफळ’च ऐकू आलं. दुसऱ्यांदा ऐकवली तेव्हा कुठे हसायला लागली.

आता माझे प्रश्न. ‘शाल’ म्हणताना श्रीफळातला ‘र’ तिथे आलाच कसा? श्रीफळापर्यंत मी अजून पोचलोही नव्हतो. आणि दीडशे माणसांच्या कानांना काय झालं होतं?

खरा प्रश्न तिसराच आहे. माझ्या वडिलांना २००९ साली पॅरालिसिस झाला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. तांब्या समोर असायचा, पण ‘पाणी’ म्हणता यायचं नाही, नुसतं “ते... ते...” आणि मग चिडून डोळ्यांत पाणी. पण एकदा माझ्या मुलाने पाढ्यांचं पुस्तक काढलं, तर बाबा खाटेवरून “एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न” असे घडाघडा सुटले, पार दाहेपर्यंत. आम्ही सगळे बघत राहिलो. पाढा संपला आणि परत “ते... ते...”. म्हणून आता माझी जीभ घसरली की पोटात गोळा येतो. हे त्याचंच लक्षण तर नाही?

मिसळपंत:

दादा, शाल-श्रीफळावर निभावलं म्हणून बरं समजा. आमच्याकडे एका निवेदकाने साहेबांच्या एकसष्टीला “आज साहेबांच्या पुण्यतिथीनिमित्त” अशी सुरुवात केली होती. साहेब समोरच्या सोफ्यावर, हातात बुके. तिथे मात्र अख्ख्या हॉलला ऐकू आलं बरं का! म्हणजे कान शाबूत असतात, फक्त आपल्या सोयीने चालतात. जाणकारांनी यावर प्रकाश टाकावा, मी मिसळीला चाललो.

वाचाताई:

माइकवाले भाऊ, मी एकतीस वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे, पंचवटीत राहते. आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्याशिवाय बाकीचं तुम्ही नीट वाचणार नाही.

तुमची घसरण ही चांगल्या, चालत्या यंत्राची आहे. सर्वसाधारण बोलण्यात हजार शब्दांमागे एखाद-दोन चुका सगळ्यांच्याच होतात. तुम्ही मिनिटाला दीडशे शब्दांनी तासभर बोललात तर नऊ हजार शब्द झाले. म्हणजे दहा-पंधरा वेळा घसरायला तुम्हाला मुभा आहे. आणि चूक झाल्या झाल्या तुमच्या कानाने पकडली, हे महत्त्वाचं. घाबरायचं कधी? बोलणं अचानक जड झालं, साधे शब्द सुचेनासे झाले, तोंड एका बाजूला वाकडं झालं, एका हातातली ताकद गेली, तेव्हा. तेव्हा मात्र “झोपून उठल्यावर बघू” म्हणायचं नाही, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. वडिलांची हिस्ट्री आहे तर बीपी मात्र उद्याच तपासा. त्याचा श्रीफळाशी संबंध नाही, तरी तपासा.

आता ‘र’ कुठून आला. आपल्याला वाटतं की माणूस एक शब्द बोलतो, मग पुढचा शोधतो. तसं नसतं. तुम्ही ‘शाल’ म्हणायला तोंड उघडलंत तेव्हा ‘श्रीफळ’ मागे तयार होऊन उभं होतं. दोन्हींची सुरुवात ‘श’ने, दोन्ही एकाच माळेतले. अशी सारख्या सुरुवातीची जोडी असली की घोळ जास्त होतो. बघा, ‘श्र’ गेला तो शब्दाच्या सुरुवातीलाच गेला, ‘शार्ल’ झालं नाही. शेवटचा ‘ळ’ उडी मारून पुढे आला नाही. सुरुवातीचा ध्वनी सुरुवातीच्याच जागी जातो. म्हणजे मनात आधी जागा आखलेल्या असतात आणि मग त्यांत ध्वनी बसवले जातात. बसवताना दोघांची अदलाबदल झाली, इतकंच.

दुसरं उदाहरण माझ्याच घरातलं. सूनबाई घाईत नवऱ्याला म्हणाली, “पोळीत डबा ठेव.” म्हणायचं होतं “डब्यात पोळी ठेव.” आम्ही हसलो, पण मी लगेच वहीत लिहून घेतलं. (ही सवय जात नाही.) यात ‘त’ जागचा हलला नाही, शब्द तेवढे हलले. आणि त्याहून गंमत म्हणजे ‘डब्या’ जाऊन ‘डबा’ झाला. ती “पोळीत डब्या ठेव” म्हणाली नाही. म्हणजे शब्दांची अदलाबदल आधी झाली आणि सामान्यरूप (प्रत्ययाआधीचं ‘डब्या’सारखं रूप) करायचं की नाही हे नंतर ठरलं. शब्द निवडणारी, प्रत्यय लावणारी आणि ध्वनी बसवणारी खाती वेगळी आहेत, आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. चूक कुठल्या टेबलावर झाली ते चुकीच्या तऱ्हेवरून कळतं. मिसळपंतांचे ‘पुण्यतिथी’वाले गृहस्थ पहिल्याच टेबलावर घसरले: अर्थाच्या शेजारचा शब्द उचलला गेला. तुम्ही शेवटच्या टेबलावर.

अशा चुका गोळा करायचं काम जुनं आहे. व्हिएन्नाचे मेरिंगर नावाचे भाषातज्ज्ञ आणि मायर नावाचे डॉक्टर यांनी १८९५ मध्ये असा संग्रह छापला. पुढे त्याच गावातल्या फ्रॉइड या मनोविश्लेषकाने १९०१ मध्ये जवळजवळ प्रत्येक घसरणीमागे दडपलेली इच्छा शोधली. तुमच्या मनात शालीबद्दल काही दडपलेलं असेल असं मला वाटत नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी पुन्हा मेरिंगरचीच वाट धरली, म्हणजे चुकांकडे भाषेची रचना दाखवणारा पुरावा म्हणून पाहिलं. मला तेच पटतं.

आता बायकोचे कान. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एका ध्वनिमुद्रित वाक्यातल्या शब्दातला एक ध्वनी कापून तिथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्या २० पैकी १९ जणांनी सांगितलं की सगळे ध्वनी व्यवस्थित होते. खोकला नेमका कुठे आला तेही त्यांना सांगता येईना. द्वारका चौकात फोनवर बोलताना तुम्ही हेच करता. निम्मे ध्वनी हॉर्न खातात, तरी “मेथी आण” पोचतं. ऐकणारा येणाऱ्या आवाजाची वाट बघत नुसता बसत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज बांधतच ऐकतो. सत्कार, मग ‘शा’सारखं काहीतरी, मग ‘फळ’. एवढ्यावर तुमच्या सौंनी उरलेलं स्वतःच भरलं. १९७८ मध्ये मार्सलेन-विल्सन आणि वेल्श यांनी लोकांना कानावर पडणारं बोलणं लगेच मागोमाग म्हणायला लावलं. त्यात मुद्दाम चुकीचे उच्चार पेरले होते. पुष्कळ वेळा लोकांनी न अडखळता बरोबर शब्दच म्हटला, आपण काही दुरुस्त केलं याचा पत्ताही नाही. ‘पुण्यतिथी’ मात्र पूर्ण, खरा शब्द. तो दुरुस्त कोण करणार? म्हणून हॉल हादरला.

वडिलांबद्दल उद्या लिहीन, डोळे दुखायला लागले.

सटाण्याची सून:

ताई, ते अंदाजाचं अगदी खरं आहे. मी नाशिकरोडची, लग्न होऊन सटाण्याला गेले. सासूबाई अहिराणी बोलायच्या. पहिले दोन महिने मला ते बोलणं म्हणजे नळाची धार वाटायचं, कुठे तुटतच नाही. “कथा जाई ऱ्हायनी?” (कुठे चाललीस?) हा मला एकच लांब शब्द वाटायचा. मला वाटायचं त्या फार भरभर बोलतात. सहा महिन्यांनी एक दिवस जाणवलं की आता शब्द सुटे सुटे ऐकू येतायत. त्यांचा वेग तोच होता, मीच बदलले होते. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते ती कागदावर, आवाजात नाही, ती आपलं डोकं पाडतं. आता माझी मुंबईची बहीण येते तेव्हा तोंड उघडं टाकून बसते आणि मला विचारते, इतकं फास्ट कळतं कसं गं तुला?

वाचाताई:

सूनबाई, उत्तम निरीक्षण.

भाऊ, वडिलांचं. बहुतेक उजव्या हाताच्या माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला असतो, आणि डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते. म्हणून उजवा हात आणि बोलणं एकदमच गेलं. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी असाच एक रुग्ण नोंदवला. समजायचं पुष्कळ, पण तोंडातून ‘तान’ एवढंच निघायचं. मृत्यूनंतर पाहिलं तर डाव्या मेंदूचा पुढचा भाग खराब झालेला. याला आपण वाचाघात म्हणतो.

‘पाणी’ म्हणायला तुमच्या बाबांना वर सांगितलेली सगळी टेबलं पार करावी लागत होती: अर्थ, शब्द, ध्वनी, जीभ. पाढ्याला जीभ लागते, पण एकेक शब्द शोधून जुळवावा लागत नाही. तो लहानपणी चालीवर घोकलेला एकसंध तुकडा असतो, एकदा सुरू झाला की आपला आपण चालतो. माझ्या कितीतरी पेशंटना नाव सांगता यायचं नाही, पण आरती यायची, वार यायचे, आणि शिव्या तर फार स्वच्छ यायच्या. एक आजोबा बायकोचं नाव घेऊ शकत नव्हते, पण रिमोट सापडला नाही की जे बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही. नातेवाइकांना वाटायचं माणूस नाटक करतोय. तुमच्या घरात असं कोणाला वाटलं असेल तर ते मनातून काढून टाका.

माइकवाला:

ताई, हे वाचून थोडा वेळ गच्चीत जाऊन उभा राहिलो. आमच्या घरात असं वाटलं होतं. मलाच वाटलं होतं. पाढे येतात आणि पाणी म्हणता येत नाही, असं कसं, म्हणून एकदा मी त्यांच्यावर ओरडलोही होतो. आता ते नाहीत.

बीपी तपासलं, १५०/९४ निघालं. दोन-तीन वेळा परत बघून डॉक्टरांनी गोळी सुरू केली.

आणि हो, काल पाथर्डी फाट्याला एका सोसायटीचं हळदीकुंकू होतं. ठरवून गेलो होतो की आज मुद्दाम ‘श्राल आणि शीफळ’ म्हणायचं आणि किती माना वर होतात ते मोजायचं. बायकोला सांगून ठेवलं होतं, ती पहिल्याच रांगेत टपून बसली. अध्यक्षबाईंच्या सत्काराची वेळ आली, मी श्वास घेतला, माइक जवळ आणला आणि तोंडातून गुळगुळीत निघालं, “शाल आणि श्रीफळ.” बायको पदरात तोंड घालून हसत होती.