‘मूल ऊती’ म्हणजे मुळातली ऊती का?

प्रश्न : मुलीला वनस्पतींचा धडा समजावताना अडखळलो. शाळेच्या पुस्तकात ‘ऊती’, विश्वकोशात ‘ऊतक’. त्यात ‘मूल ऊती’ म्हणजे झाडाच्या मुळातली ऊती, असं तिने ठरवून टाकलंय. ते खोडायचं कसं?

उत्तर : ऊती आणि ऊतक एकाच घरचे. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे आणि ‘ऊत’ म्हणजे विणलेलं. ‘ओतप्रोत’मध्ये हाच शब्द आहे. आपल्याला तिथे ओतणं आठवतं, पण तो शब्द मागावरचा, आडव्याउभ्या धाग्यांचा. गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? तिथेही विणकामच आहे. इंग्रजी ‘टिश्यू’चं मूळही लॅटिनमधल्या विणण्यातच सापडतं. १६८२ साली इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ नेहेमाया ग्रूने झाडाच्या आतल्या रचनेला लेसच्या विणीची उपमा दिली होती. मिळून एक काम करणाऱ्या पेशींची वीण ती ऊती, असं मुलीला सांगा, लगेच कळेल.

आता ‘मूल’. इथे तो मूलभूत या अर्थाने आलाय. पातळ भिंतींच्या, जिवंत, मधे थोड्या फटी असलेल्या या पेशी मुळात असतात तशा खोडात, पानात आणि फळातही असतात. बटाटा जवळजवळ सगळा त्यांचाच, पिष्टाने भरलेला. कोरफडीचा गर त्यांचाच, पाण्याने भरलेला. हरितद्रव्य असलं की हरित ऊती, हवेच्या पोकळ्या असल्या की वायू ऊती. जलपर्णीचा फुगीर देठ दाबून बघायला द्या. मला स्वतःला ‘मृदूतक’ हा पर्याय जास्त आवडतो. त्यातला मऊपणा ऐकताक्षणी कळतो आणि मुळाशी गल्लतही होत नाही.

प्रश्न : मग पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीसाठी ‘प्रकाष्ठ’ही चांगला म्हणाल का? ‘जलवाहिनी’ किती सोपा आहे!

उत्तर : सोपा आहे, पण अर्धाच. शहरात ‘जलवाहिनी फुटली’ अशी बातमी येते, तसा निव्वळ नळ डोळ्यांपुढे उभा राहतो. सागाची फळी घ्या. तिचा सोनेरी-तपकिरी गाभा याच ऊतीचा, पण झाड उभं होतं तेव्हाही त्यातून पाणी वाहत नव्हतं. पाणी वाहतं ते बाहेरच्या फिक्या रसकाष्ठातून. गाभ्याकडे उरतो तो झाडाला तोलून धरण्याचा भाग. वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेलीने १८५८ मध्ये या ऊतीला ‘झायलेम’ हे नाव दिलं तेही लाकूड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ‘प्रकाष्ठ’मध्ये काष्ठ आहे, म्हणून तो मला नेमका वाटतो.

‘रसवाहिनी’ला मात्र माझं पूर्ण मत. माडाची पोय छेदली की जी गोड नीरा मडक्यात ठिबकते, ती या रसवाहिनीतलीच. पानात तयार झालेली साखर चाळणीसारख्या छिद्रांच्या नलिकांमधून वाहत असते. वडाचा किंवा पपईचा चीक तो हा रस नव्हे. चिकाच्या नळ्या वेगळ्या असतात.

प्रश्न : ‘स्थूलकोन’ ऊतीच्या नावात कोन कुठला?

उत्तर : पेशीचा कोपरा. तिथे भिंत जाड असते. पेशी जिवंत, म्हणून कोवळा देठ वाऱ्यात वाकतो, पण मोडत नाही.

प्रश्न : आणि पेरू खाताना दाताखाली येणारे रवाळ कण?

उत्तर : ती दृढ ऊती. लिग्निन या लाकडाला कठीण करणाऱ्या द्रव्याने भिंती जाड झालेल्या, मेलेल्या पेशी. नारळाची करवंटी अशाच पेशींनी टणक झालेली असते. याच ऊतीच्या लांब धाग्यांना आपल्याकडे ‘वाख’ हा जुना, चालता शब्द आहे आणि तो पाठ्यपुस्तकात असायला हवा होता, असं मला फार वाटतं. अंबाडी पाण्यात कुजत घालतात, तेव्हा मूल ऊती सडून जाते आणि वाख हातात राहतो.