मदत हवी आहे: रस्त्यावरच्या पार्किंगवरून शेजाऱ्यांशी वाद

नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला राहतो. आमची इमारत जुनी, आत फक्त दुचाक्या मावतात, त्यामुळे चारचाकी गल्लीतच लावावी लागते. गल्लीत ना पी-१, पी-२ ची (सम-विषम तारखांना आलटून-पालटून पार्किंगची) पाटी आहे, ना नो पार्किंगची.

समोरच्या बंगल्यातल्या काकांनी कंपाउंडबाहेर रस्त्यावरच सिमेंटच्या चार कुंड्या आणि एक जुना टायर ठेवून जागा अडवली आहे. (कुंड्यांत झाड एकही नाही!) त्यांचं गेट दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे वाट अडण्याचा प्रश्नच नाही. गेल्या आठवड्यात कुंडी सरकवून गाडी लावली, तर सकाळी पुढच्या चाकाची हवा गेलेली. त्यांनीच काढली असं म्हणवत नाही, पुरावा नाही. विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं ही आमचीच जागा आहे."

रस्ता महापालिकेचा, तो वहिवाटीने कुणाचा होत नाही एवढं मलाही कळतं. पण कुंड्यांची तक्रार करायची कुठे? क्षेत्रीय कार्यालयाच्या अतिक्रमण विभागात की वाहतूक पोलिसांकडे? तक्रारदाराचं नाव गुप्त राहतं का? काकू आईच्या भिशीत आहेत, म्हणून उघड भांडण नकोय. कुणी असं प्रकरण गोडीत मिटवलंय का?