६० हजारात शांत गेमिंग पीसी जमेल का?

कोथरूडला वन बीएचके, पीसी हॉलमध्येच आणि आई तिथेच झोपते, त्यामुळे रात्री पंख्यांची घरघर चालणार नाही. प्रोसेसर रायझन ५ ५६०० घ्यायचं जवळपास नक्की आहे, बाकी काय घेऊ? मॉनिटर आहे, १०८० पी.

रात्रपाळी: प्रोसेसर बरोबर निवडलायस, ६५ वॉटचा आहे, तापत नाही फार. पण सोबत येणारा छोटा कूलर लोड आला की किरकिरतो, १२० एमएम पंख्याचा टॉवर कूलर घे, मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. आणि काचेच्या तोंडाचे आरजीबी (रंगीत दिव्यांचे) कॅबिनेट बघून भुलू नकोस, मीच भुललो होतो, हवा आत जायला जागाच नाही म्हणून पंखे कायम बोंबलत असायचे, शेवटी पुढची काच काढून ठेवली. जाळीवालं घे.

जुनाखेळाडू: ग्राफिक्स कार्ड दोन-तीन पंख्यांचं घे आणि अंडरव्होल्ट कर, म्हणजे सॉफ्टवेअरमधून त्याचं व्होल्टेज थोडं उतरव, फुकटात आवाज कमी होतो. गेममध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) ६० वर लॉक कर, कार्ड उगाच पळत नाही. रॅम ८-८ जीबीच्या दोन काड्या. हार्ड डिस्क नको, तिची खरखर रात्री जास्तच ऐकू येते, एसएसडीच घे.

पॉवर सप्लायमध्ये मात्र कंजुषी नको हां.

प्रश्नकर्ता: भारी! मग शनिवारी तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटमध्ये चक्कर मारतो, पार्किंग मिळालं तर 😅