जाळी नवी ओतली तर चर्च तेच राहिलं का?

दांडियाबाजारवाली

पॅरिसच्या पूर्वेला ल रँसी म्हणून गाव आहे, तिथलं नोत्र-दाम चर्च वास्तुकार ओग्युस्त पेरेने १९२२-२३ मध्ये बांधलं. पैसे बेताचे, म्हणून सगळं काँक्रीटचं, गिलावासुद्धा नाही, आत शटरिंगच्या फळ्यांचे वळ तसेच दिसतात. त्या वस्तीचं साधं पॅरिश चर्च, पहिल्या महायुद्धात ऊर्कच्या लढाईत गेलेल्यांच्या आठवणीसाठी बांधलेलं, आणि १९६६ पासून संरक्षित. छत पेललंय ११ मीटर उंच बारीक खांबांनी, खाली ४३ सेंटीमीटर, वर ३५. भिंत काहीच पेलत नाही, ती नुसती जाळी आहे, साच्यात ओतलेले ठोकळे रचलेत आणि भोकांत रंगीत काच. पण पुढे काँक्रीटच्या आतल्या लोखंडी सळ्या गंजल्या, काँक्रीटचे पोपडे सुटले, आणि दुरुस्तीत जाळीचं बरंच काम नव्याने ओतून बसवलं.

काही लोक म्हणतात मग ते मूळ चर्च राहिलंच नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही. जी वस्तू साच्यातूनच आली ती पुन्हा साच्यातून काढली तर खोटी कशी होईल?

हे एवढं लागायचं कारण, आमच्या जुन्या घराच्या जिन्याला अशीच सिमेंटची जाळी होती, दुपारी पायऱ्यांवर उन्हाच्या चौकटी पडायच्या आणि आम्ही पोरी त्यांच्यावर सागरगोटे खेळायचो. गंजाचे ओघळ दिसायला लागले तसं कंत्राटदाराने सांगितलं की ताई ही आता होत नाही, काढून टाका, आणि अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवली. आता जिन्यात भर दुपारी बल्ब लावावा लागतो. तीच जाळी कुणी नवी ओतून दिली असती तर मी त्याच्या पाया पडले असते!

साइटवरचा

ताई, भावना पोचली, पण एक अडचण सांगतो. काँक्रीट ताजं असताना इतकं अल्कलीयुक्त असतं की सळईला गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, ते संरक्षण जातं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येतो. जाळी बारीक, म्हणजे कव्हर कमी, म्हणजे हे सगळं लवकर. आता तीच जाडी ठेवून ओतलीत तर नातवंडांना परत तेच काम, आणि कव्हर वाढवलंत तर पट्ट्या जाड होतात, भोकं लहान होतात, उजेड घटतो. मग पेरेचं चर्च कुठलं राहिलं? तेच ठेवायचं आणि टिकवायचंही, हे दोन्ही एकदम होत नाही, हे आधी मान्य करायला हवं.

दांडियाबाजारवाली

स्टेनलेस सळई घाला की, जाडी तीच राहील.

साइटवरचा

चालेल, पण महाग पडते. गावच्या चर्चला कोण देणार?

फतेगंज_कॉर्नर

माझा विरोध वेगळा आहे. आजीच्या पैठणीचे काठ-पदर ठेवून मधला पोत नवा विणून घेतला तर नेसायला उत्तम, पण ती आजीने नेसलेली पैठणी आहे असं म्हणू नये. ल रँसीच्या काचा मार्गरीत ह्युरेच्या हातच्या, त्यांवरची चित्रं मॉरिस दनीची, तिथे कुणी म्हणतं का की नवी करून लावा काही फरक पडत नाही? मग काँक्रीट ओतणाऱ्या मजुराच्या हाताला किंमत नाही का? फळीचा वळ, कुठे खडी उघडी पडलेली, हे साच्यात येत नाही. नवं बसवायचं तर बसवा, पण नवं आहे हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.

रावपुऱ्यातले काका

आपल्याकडे याला शब्द आहे, जीर्णोद्धार. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशी विश्वनाथाचं देऊळ नव्याने बांधलं, म्हणून कोणी त्याला नक्कल म्हटलं नाही. देव तोच आणि पूजा चालू. रँसीलाही रविवारी लोक प्रार्थनेला बसत असतील तर त्यांच्या डोक्यावर पोपडे पडू न देणं हे पहिलं काम. बाकीचा वाद नंतर.

फतेगंज_कॉर्नर

काका, आदर ठेवून सांगतो, याच शब्दाखाली किती देवळांचे जुने दगड काढून ग्रॅनाइट आणि टाइल्स बसल्या ते तुम्हीही बघितलंय. आणि अहमदाबाद तर आपल्या बडोद्यापासून दोन तासांवर. तिथल्या आयआयएममधली वास्तुकार लुई कानची वसतिगृहं, १८ पैकी १४ पाडायचं डिसेंबर २०२० मध्ये ठरलं होतं, कारण काय तर विटा खराब, दुरुस्ती होत नाही. जगभरातून विरोध झाला तेव्हा जानेवारीत निर्णय मागे घेतला, आणि २०२२ मध्ये विषय परत आला. दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन, वास्तुकार राज रेवालचं, १९७२ चं, ते २०१७ मध्ये पाडूनच टाकलं. 'डिझाइन महत्त्वाचं, माल बदलता येतो' हे वाक्य ताई मायेने म्हणतायत, पण उद्या तेच वाक्य पाडणारा वापरणार आहे.

दांडियाबाजारवाली

हे मात्र बरोबर बोललात, मी या बाजूने विचार केला नव्हता. तरी फरक आहे हो. रँसीला खांब, छत जागेवर ठेवून जे सडलं तेवढं बदललं, सगळं पाडून नकाशावरून उभं नाही केलं. किती बदललं याची नोंद ठेवा, जुने चार ठोकळे तिथेच जपून ठेवा, इथपर्यंत तुमचं मान्य. पण सडलेला ठोकळा सडलेलाच ठेवा हे नाही मान्य.

साइटवरचा

ताई, तुमच्या त्या जाळीचा तुकडा आहे का कुठे?

दांडियाबाजारवाली

आहे ना, मागच्या अंगणात तुळशीच्या कुंडीखाली एक आख्खा ठोकळा आहे.

साइटवरचा

एक कोपरा ताजा फोडा आणि त्यावर फिनॉल्फ्थेलीन टाका, अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं द्रावण, कॉलेजच्या लॅबमध्ये मिळेल. गुलाबी झालं ते काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय, रंग आला नाही तिथे संरक्षण गेलेलं.

दांडियाबाजारवाली

भाच्याकडून मागवलं आणि आज करून बघितलं. दोन्ही कडांना काहीच नाही, मधोमध बोटभर पट्टी एकदम गुलाबी. सळई नेमकी कडेला आहे, बिनरंगाच्या भागात. मध्ये बसली असती तर जाळी अजून जिन्यात असती.