राणीचा बाग झाडांचा की पेंग्विनचा?

सावलीवाली:
परवा भायखळ्याला राणीच्या बागेत गेले होते. गेटपासून एकच चौकशी, "पेंग्विन कुठे?" उर्वशी फुलली होती, फांदीफांदीला लाल-पिवळी झुंबरं. लोक तिच्याखालून मान वर न करता पुढे जात होते. अहो, १८६२ साली बाग उघडली ती झाडांसाठी. प्राणिसंग्रहालय आलं १८९० च्या सुमारास. पाहुणा आला आणि मालक होऊन बसला! आता तरी नवीन बांधकाम थांबवा.

परळचा पोऱ्या:
ताई, मे महिन्यात आमच्या चाळीतली पंधरा-वीस पोरं चालत जायची, ती काय उर्वशी बघायला? पाणघोडा 'आ' करेपर्यंत कठड्याला लटकून असायचो. गिरणगावाला परवडेल अशी ती एकच सहल. २०१७ मध्ये ५ रुपयांचं तिकीट ५० झालं, त्यावर धागा काढा की.

सावलीवाली:
तिकीटवाढीला माझाही विरोधच होता. पण ती पेंग्विनपायीच झाली ना?

खडूस म्हातारा:
दोघांचंही अर्धंच बरोबर. व्हिक्टोरिया राणीचं नाव, उद्घाटनाला गव्हर्नरची बायको लेडी फ्रियर. लांबलांबची झाडं आणून मिरवायची हीच तेव्हाची हौस. उर्वशी ब्रह्मदेशची, गोरखचिंच आफ्रिकेची. २०१६ मध्ये सोलहून पेंग्विन आणले, ती त्याच हौसेची पुढची पायरी. तेव्हा झाडांचं सोवळं नको.

सावलीवाली:
गोरखचिंच इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे, ती त्यांच्या खात्यावर टाकू नका. उर्वशीचं मान्य. पण तिला एसी लागत नाही हो!

परळचा पोऱ्या:
एसी आहे म्हणून तर मे महिन्यात तिथे गर्दी 😄

माळ्यावरचा:
मला विचाराल तर ती मुंबईची अडगळीची खोली आहे, आणि म्हणूनच लाडकी. फोर्टातला काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, १९६५ मध्ये इथेच आणून ठेवला. घारापुरीचा दगडी हत्ती इंग्रज हलवायला गेले आणि त्याचे तुकडे झाले. पुढे जोडून तो बागेच्या आवारातल्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा केला. सांधे अजून दिसतात, जवळ जाऊन बघा.

खडूस म्हातारा:
जा, पण बुधवार सोडून. मी मागच्या आठवड्यात नातवाला घेऊन बंद गेटाला हात लावून आलो.